हॉस्टेलचं गरम पाणी

दर हिवाळ्यात दुबईत अल बर्शाला युसुफभाईंच्या घरी कॉलेजची जुनी पोरं जमायची. पोरं आपली म्हणायला; निम्म्यांना टक्कल पडलं होतं. महाडकडचं ते कॉलेज, मेसची पाणचट डाळ, रेक्टरबाईंचा धाक, सगळ्या गोष्टी बिर्याणी यायच्या आत एकदा उगाळून व्हायच्या. फिझाला एरवी यात मजा वाटायची. या वेळी मात्र ती आपल्या लहानग्या राहिलला मांडीवर घेऊन दाराशी बसली होती आणि तिचं सगळं लक्ष नवऱ्यावर, झुबेरवर होतं. बकरी ईदपासून त्याची नोकरी गेली होती. दुसरी लागेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं.

जेवणाआधी युसुफभाईंनी विषय काढला. वीज महागली म्हणून मुलींच्या हॉस्टेलने गीझर बंद केले होते. जानेवारीच्या पहाटे पोरी टाकीच्या गार पाण्याने आंघोळ करत होत्या. आपण छपरावर सोलर बसवून देऊ, म्हणाले, आत्ताच्या आत्ता प्रत्येकाने आपल्या वर्गणीचा आकडा सांगायचा. मग ते झुबेरकडे वळले.

"सुरुवात आमच्या इंजिनियरसाहेबांपासून. हबीबी, तुझा आकडा ऐकूनच बाकीच्यांना घाम फुटला पाहिजे."

सगळे हसले. झुबेरही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या फिझाला लांबून दिसल्या. विचार करायच्या आधीच ती बोलून गेली.

"कशाला एवढे लाड, युसुफभाई? आम्ही नाही का गार पाण्याने आंघोळी केल्या? हल्लीच्या पोरींना सगळं आयतं लागतं."

खरं म्हणजे तिच्या वेळी हॉस्टेलच्या मागे मोठा बंब पेटायचा, आणि तो पेटला नाही त्या दिवशी फिझा आंघोळीला बुट्टी मारायची. पण तिच्या वेळची दुसरी मुलगी इथे नव्हती. कुणीतरी मान डोलावली, कुणी 'बात सही है' म्हणालं. हॉस्टेलची मुलगीच असं म्हणते म्हटल्यावर युसुफभाईंनी पुढच्या वर्षी बघू म्हणून विषय संपवला. झुबेरने श्वास सोडला.

इतका वेळ युसुफभाईंच्या पत्नी जहांआराभाभी हॉस्टेलचा व्हिडिओ कॉल टीव्हीवर लावायच्या खटपटीत होत्या. काळ्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. ते थांबलं आणि हॉस्टेलच्या व्हरांड्यात दाटीवाटीने बसलेल्या पोरी दिसल्या. पुढे यम्ना होती, फिझाच्या सख्ख्या बहिणीची मुलगी.

"सलाम खाला," ती म्हणाली. "आवाज कधीचा येतोय, चित्रच येत नव्हतं."

 यम्नानेच सावरून घेतलं. आम्हाला सवय झालीय, काही त्रास नाही, असं हसत सांगून तिने राहिलची चौकशी केली. राहिलने "हाय दीदी, आय हॅव अ न्यू कार" म्हटलं. शेजारची मुलगी यम्नाकडे न बघता ओढणीशी चाळा करत होती. थोडं इकडचंतिकडचं बोलून भाभींनी कॉल संपवला.

"युसुफभाई, मी खोटं बोलले," फिझा म्हणाली. तिला कुणाच्याच तोंडाकडे बघवत नव्हतं. "आम्हाला गरम पाणी मिळायचं. रोज मिळायचं."

"मग मघाशी असं का गं?"

 उत्तर दिलं ते झुबेरने. "माझ्यासाठी बोलली ती. ईदपासून घरी बसलोय मी."

 युसुफभाईंनी झुबेरच्या खांद्यावर हात ठेवला आणि झुबेरला वगळून, त्याच्या शेजारच्या माणसाला हळू आवाजात त्याचा आकडा विचारला. मग पुढच्याला. झुबेर जमिनीकडे बघत होता. त्याचं गुपित राहिलंही नव्हतं आणि त्यासाठी भाचीला भरल्या घरात बोलून मात्र झालं होतं.

राहिलला भाभींकडे देऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि यम्नाला फोन लावला. तो लगेच उचलला गेला.

"बोला ना खाला," यम्ना म्हणाली, नेहमीच्याच लाडाने.

फिझा मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवत राहिली. "ऐकू येतंय ना?" यम्नाने दोनदा विचारलं.