खांबाला लावलेला हात

ठण्ण! मला आठवणारा पहिला आवाज हा. फिटरने पान्याने मला ठोकलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "आतून शाबूत आहे. गाडा याला."

तोवर मी भंगारात पडलेला पाण्याचा पाइप होतो. त्या दिवसापासून मी व्हॉलीबॉलचा खांब आहे. मला उभं राहायची सवय, बोलायची नाही. पण आता अगदीच राहवेना, म्हणून बोलतो.

चार इमारतींच्या मधली ती मोकळी जागा. लोकांनीच तिथले खडे वेचले, पाणी मारून जमीन चोपली, चुन्याने रेघा आखल्या. समोर माझ्यासारखाच दुसरा पाइप पुरला. तो माझा जोडीदार. आमच्या मधे जाळी. कारखान्याची पाळी सुटली की माणसं घरी जायच्या आधी इकडे वळायची. डबे माझ्या पायाशी, शर्ट माझ्या हुकाला.

इथे एकच नियम होता. कुणाला खेळायचं असलं तर त्याने माझ्यावर हात ठेवून उभं राहायचं. विचारायचं नाही, विनवायचं नाही. हात दिसला की चालू डाव संपल्यावर आतल्या एकाने बाहेर यायचं आणि त्याला आत घ्यायचं. नाव-गाव मागाहून. आठवडाभर एकमेकांना पास दिल्यावर कुणीतरी विचारायचं, "काय हो, राहता कुठे तुम्ही?" मग कळायचं, वरच्याच मजल्यावर!

तेव्हा सगळं सोन्याचं होतं असंही नाही. एकदा ड्युटीवरून परतणारी नर्स थांबली आणि तिने माझ्यावर हात ठेवला. सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

शिंपी म्हणाला, "ताई, कुणाला शोधताय का?"

"डाव मागतेय."

"हे बायकांचं नव्हे हो."

"असं खांबावर लिहिलंय का कुठे? दाखवा."

फिटर खो-खो हसला. "नियम म्हणजे नियम! शिंपीदादा, तुम्हीच या बाहेर."

नर्सने चपला काढल्या, पिशवी माझ्या हुकाला अडकवली आणि पहिलीच सर्व्हिस अशी मारली की उंच पोस्टमन, ज्याला सगळे शिडी म्हणत, तो नुसता बघत राहिला. शिंपी बाहेरून ओरडला, "शिडे, वाकता येत नसेल तर आडवा हो!" तेव्हापासून ती रोज यायची. पण तिच्यामागून दुसरी यायला फार वर्षं गेली. तेव्हाही मी मनातल्या मनात चरफडलोच होतो.

मग कारखाना बंद झाला. माणसं पांगली. कुणाची सुट्टी मंगळवारी, कुणाची रविवारी, कुणाला सुट्टीच नाही. खेळायची हौस मेली नव्हती, वेळा जुळेनात. जाळी विरली, कुणी नवी आणली नाही. लोक माझ्यावर कपडे वाळत घालू लागले. तेही सोसलं.

पुढे एक दिवस कटर घेऊन माणसं आली. त्यांनी माझ्या जोडीदाराला बुंध्यापासून कापलं. दिवा लावायला एक खांब हवा होता, म्हणून मी उरलो. जमिनीवर हिरवा प्लॅस्टिकचा गालिचा आला, चारी बाजूंनी उंच जाळं आलं. मी त्या जाळ्याच्या अगदी बाहेर, दाराशी. याला आता टर्फ म्हणतात. फोनवरून तास ठरवायचा, आपली माणसं आपण आणायची, फुटबॉल खेळायचा, तास संपला की चालू लागायचं.

आता मुली इथे मोकळेपणाने खेळतात, त्यांना कुणी हटकत नाही. माझा जीव निवतो. पण बाकी काय सांगू! एक गृहस्थ रोज या जाळ्याभोवती पळतो. कानांत गाण्यांची बोंडं. मनगटावरच्या घड्याळाने शाबासकी दिली तरच थांबतो. समोरच्या इमारतीच्या काचेआड रांगेने माणसं फिरत्या पट्ट्यांवर धावतात, तास-तास धावून जागच्या जागीच. शेजारी धावणाऱ्याचं नाव ठाऊक नाही, आपल्या नाडीचे ठोके मात्र तोंडपाठ. आणि माझ्या कमरेशी, जिथे लोक हात ठेवायचे, तिथे आता पाय टेकवतात, पोटऱ्या ताणायला!

परवा माझा दिवा बिघडला. तो नीट करायला वायरमन आला. चाळिशीचा असेल. शिडी लावून चढला, जाळी बांधायचा गंजलेला हुक दिसला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, तू तर व्हॉलीबॉलचा!" तो मला म्हणाला. "आमच्या गावी असाच होता. हात लावला की डाव मिळायचा." मग वायर सोलता सोलता हळूच म्हणाला, "या शहरात आल्यापासून 'मेन स्विच कुठाय' यापलीकडे कुणाशी बोललो नाही बघ."

काल संध्याकाळी तो परत आला. धुतलेला शर्ट, पायांत नवे कॅनव्हासचे बूट. त्याने माझ्यावर हात ठेवला आणि उभा राहिला. किती वर्षांनी!

आत एका बाजूला पाच जण, दुसऱ्या बाजूला चार.

"कुठे मेला हा? तास चाललाय आपला!"

"फोन उचलत नाहीये."

"ग्रुपवर टाक ना. एक प्लेअर हवा, अर्जंट. कुणीही चालेल."

कुणीही चालेल! अरे बाबांनो, दाराशी उभा आहे तो कोण आहे? दगड?

एकाची नजर वळली. माझ्या पोकळीत वारा थांबला.

"दादा, लाइट एकदम ओके आहे. थँक यू हां."

"लाइटचं नाही," वायरमन म्हणाला, "तुमचा एक कमी आहे ना, म्हणून..."

"हो ना! बघा ना काय वैताग आहे!" आणि पोरगा पुन्हा फोनमध्ये. "कुणाचं आलं का रे?"

"तिघांनी अंगठा दाखवलाय. येतो असं कुणीच म्हणत नाही."

शेवटी पाचांविरुद्ध चार असंच खेळायला सुरुवात केली. मधेच चेंडू जाळ्यावरून बाहेर आला. वायरमनने तो बोटांच्या टोकांवर असा अलगद झेलला आणि वर सोडला की तो थेट मैदानाच्या मधोमध उतरला. व्हॉलीबॉलमध्ये याला टाळ्या पडल्या असत्या.

"अहो दादा, हात नाही लावायचा! फुटबॉल आहे हा!"

सगळे हसले. तोही हसला आणि हात पुन्हा माझ्यावर ठेवला.

पोरं दुष्ट नाहीत हो. म्हणूनच तर जास्त जीव जळतो. दुष्ट असती तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. मी लोखंडाचा, मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते. खेळायला माणूस कमी पडला तर आधी मान वर करून आजूबाजूला बघा, फोनमध्ये मागाहून. एवढंच मागणं आहे माझं.

तास संपला. पोरं घाम पुसत बाहेर आली. एकाने वायरमनच्या हाताशेजारीच पाय टेकवला आणि पोटरी ताणत मित्राला म्हणाला, "आज काही मजा नाही आली यार. एक माणूस पाहिजे होता."

वायरमनने माझ्यावरचा हात काढला. तळव्याला लागलेला गंज पँटला पुसला. क्षणभर त्या पोराकडे पाहिलं, आणि तो फाटकाबाहेर निघून गेला.