विसाव्याचा धोंडा

आमच्या गावाची वरसाची सबा पान्याखालनं वर येती. आसं म्हनलं की परगावची मानसं माज्या तोंडाकडं बगत्यात. म्हातारीला ऊन लागलं म्हनत्यात. बगा बापडी. म्या सगुनाबाई, गेनबाची बायको, खोटं बोलायला मला काय सरकारी नोकरी न्हाई.

भाटघरचं नवं धरान झालं आन् आमची कुंबळवाडी बुडाली. घरं, खळी, पिंपळाचा पार, समदं ग्येलं. मानसं डोंगराच्या सोंडंवर चडली. निम्मी सोंडंच्या अल्याड ऱ्हायली, निम्मी पल्याड. पर वैशाकात पानी आटलं की पार उगडा पडतो, आन् सबा तितंच भरती. भोर दरबारानं लई येळा सांगितलं, वर कुठंबी भरवा. वर कुठं भरवायची? अल्याड भरवली की पल्याडची रुसनार, पल्याड भरवली की अल्याडची. पारावर तसं न्हाई. तितं घरागनिक जागा ठरल्याली हाय, बुडायच्या आदीपासनं. चिकल खरवडायचा, घोंगडं टाकायचं, आन् ज्यानं त्यानं आपल्या बापाच्या जागंवर बसायचं.

आता मजा बगा. अल्याडवाडीचा म्होरक्या चिमाजी, पल्याडवाडीचा सोनबा. दोगांनी वरीसभर एकमेकाचं तोंड बगू नये. पर जुन्या गावात दोगांच्या घराची भित एकच व्हती, म्हून पारावर दोगं मांडीला मांडी लावून बसायचे. एकाचं तोंड उगवतीला, दुसऱ्याचं मावळतीला. आन् सबा चालायची दोगांच्या पाटीवरनं.

भांडान व्हतं इहिरीचं. दरबार गावाला एक इहीर देनार व्हता. एकच. पानाड्या येऊन ग्येला व्हता, सोंडंच्या अंगाला कुठंबी खांदा, पानी लागंल म्हनाला. पर चिमाजीला ती अल्याड हवी, सोनबाला पल्याड. दरबाराचं म्हननं, समद्या गावाचं एकमत होऊ द्या, मंग सुरुंग लावू. एकमत! आमच्या गावात सूर्य कुठनं उगावतो यावर एकमत व्हईना. दर सबंला त्योच इषय, दर सबंला तीच बोंब, आन् पाऊस आला की पार पान्यात.

तवर पानी कोन आनत व्हतं? आमी बायका. तुमी म्हनाल, धरानाच्या काटावर ऱ्हाता आन् पान्याला रडता? बाबानू, उनाळ्यात पानी लांब पळतं. मंग गाळ तुडवत जायाचं, हंडा भरायचा, आन् सोंडंची उबी चडन चडायची. वाटंच्या निम्म्यावर, चडन सरती तितं, एक मोट्टा धोंडा हाय. त्याच्यापासनं वाट फुटती, डाव्या अंगाला अल्याड, उजव्या अंगाला पल्याड. त्या धोंड्यावर समद्या बायका हंडं ठेवून दम खायच्या. अल्याडच्या आन् पल्याडच्याबी. चिमाजीची बाळाबाई आन् सोनबाची धोंडाबाई एकाच डबीतली मिशरी लावायच्या. नवऱ्यांचं भांडान आमी त्या धोंड्यावर कदी नेलं न्हाई. तेवडा दम कुनाला व्हता?

त्याच धोंड्याच्या खालच्या घसरनीवर मागल्या साली माजी सून, ठकुबाई, हंड्यासकट पडली. चौता म्हैना व्हता. कूस रिकामी झाली. ठकू रडली न्हाई, वरडली न्हाई, नुस्ती फुटक्या हंड्याकडं बगत बसली. बायकांनी तिला पाटुंगळी मारून घरी आनलं. माजा ल्योक कुंडलिक तिकडं खडकीच्या कारखान्यात, म्हातारा आदीच ग्येल्याला, आन् माज्या गुडघ्यांनी तर कवाच रामराम म्हनल्याला. घरात पानी आननारी ती एकलीच. यंदा तिला पुन्यांदा दिवस ग्येले, पाचवा लागला, आन् ती परत हंडा उचलाया लागली. म्या नगं म्हनलं की म्हनायची, "मंग प्यायचं काय आत्याबाई?" रोज ती वर येस्तवर म्या दारात उबी ऱ्हायाची.

सबंच्या आदल्या दिशी भोरवरनं सांगावा आला. दरबारचे रघुवीरराव रावसाहेब सोता येनार, आन् यंदाबी ठरलं न्हाई तर इहीर दुसऱ्या गावाला जानार. ते आयकलं आन् माजं डोकं फिरलं. म्या तशीच काटी टेकत धोंड्यापर्यंत उतरले. समद्या बायका बसल्या व्हत्या. म्या म्हनलं, "बायांनो, उद्याच्याला सबंत हंडं घिऊन यायचं, पर रिकामं."

बाळाबाई हासली. धोंडाबाईनं मिशरी थुकली आन् म्हनली, "लई दिसांनी कामाचं बोललीस बग."

आमच्या सबंची रीत हाय, आदी गूळ-पानी, मंग बोलनं. पार सजला, घोंगडी पडली. रावसाहेब छत्री लावून आले. भला मानूस, चिकलात पाय बुडाला तरी हासत व्हता. गूळ वाटला. समद्यांनी खडा तोंडात टाकला. वैशाकाचं ऊन, तोंडात गूळ, आन् घसा कोरडाठाक.

"आगं, पानी आना की," चिमाजी म्हनला.

बाळाबाईनं हंडा उपडा करून दावला. धोंडाबाईनंबी दावला. समद्या बायकांनी दावला.

"ह्यो काय चावटपना?" सोनबा वरडला.

तवा म्या पारावर चडले. बाई मानूस पारावर चडत न्हाई आमच्यात. मला म्हाईत व्हतं. म्या सरळ गेनबाच्या मोकळ्या जागंवर जाऊन बसले. मानसं उठली, "आगं उतर, उतर" म्हनाया लागली.

"का उतरू?" म्या म्हनलं. "ही माज्या घरची जागा हाय. म्हातारा वर ग्येला, ल्योक खडकीला. घरात दोन बायकाच हायेत, त्यातली एक पोटुशी. मंग सबंत आमच्या घरचं कोन बोलनार, ह्यो वठल्याला पिंपळ?"

रावसाहेब म्हनाले, "बाईंना बोलू द्या."

"पानी हाय की," म्या म्हनलं. "त्ये बगा तिकडं चकाकतंय. चिमाजी भावजी, सोनबा भावजी, तुमी दोगं गावाचे म्होरके. हंडा घ्या, तितनं भरा, आन् आपापल्या वाडीला न्या. डोईवरनं, मदी खाली न ठेवता. जो आदी पोचंल त्याच्या वाडीत इहीर. कुनीच न्हाई पोचलं, तर जितं हंडा भुईला लागंल तितं. आमी डोईवर हंडा आन् कमरंला कळशी नेतो. तुमास्नी कळशी माफ."

"हात्तिच्या!" चिमाजी म्हनला. "एवडंच व्हय?"

"बायकांचं काम ते," सोनबा म्हनला. "त्यात काय मोटं?"

"हेच आयकायचं व्हतं मला," म्या म्हनलं.

रावसाहेबांनी विचारलं, "सभेला मान्य आहे?" समद्यांनी हात वर केला. वरसानुवरसं झाली, पैल्यांदा समद्यांचे हात येकदम वर ग्येले.

धोंडाबाईनं आपल्या हातानं सोनबाच्या डोईवर चुंबळ ठेवली. "नीट धरा आं, नवरदेव," म्हनली, आन् सारी सबा खदखदली. दोगं हंडं भरून निगाले. त्यांच्या मागनं सबा, सबंच्या मागनं छत्री. म्या काटी टेकत शेवटाला.

गाळात सोनबाचं पायतान ऱ्हायलं. चिमाजीच्या मिशीवरनं पानी गळत व्हतं. बाळाबाई शेजारनं चालत वारा घालत व्हती, "मान ताट ठेवा, मुरकू नगा" आसं शिकवत व्हती. पर खरं सांगते, चडन लागली तसं हासनं थांबलं. दोगं म्हातारे मानूस. मान थरथराया लागली, गुडघं लटलटाया लागलं. चिमाजी म्होरं व्हता. त्यो धोंड्यापाशी पोचला. म्होरं डाव्या अंगाला त्याची वाडी, आता सपाटीच. म्या मनात म्हनलं, सगुने, तुजी जीब झडली का न्हाई ग? ह्यो पोचला तर इहीर अल्याडला जानार, आन् पल्याडच्या बाया जल्मभर मला शिव्या घालनार.

तेवड्यात मागं सोनबाचा पाय घसरला. त्याच घसरनीवर, जितं माजी ठकू पडली व्हती. सोनबा हंडा सोडंना, आन् पाय काय टिकंना.

चिमाजीनं मागं बगितलं. निस्तं "आरं!" म्हनला, हंडा खाली टेकवला, आन् पळत जाऊन सोनबाला कवळा घातला. सोनबाचा हंडा सुटला आन् धोंड्यावर आपटून गडगडत ग्येला. दोगं एकमेकाला धरून तितंच बसले. कोन कुनाला धरतंय, कळत नव्हतं.

मंग चिमाजीनं ठकूकडं बगितलं. ती घोळक्यात मागं, पोटावर हात ठेवून उबी व्हती.

"पोरी," त्यो म्हनला, "तू हितंच पडलीस, व्हय?"

तिनं मान हालवली.

"रावसाहेब," चिमाजी म्हनला, "लिवा. हितंच."

सोनबा दम खात म्हनला, "ह्याचा हंडा टेकला, माजा पडला. दोनीबी हितंच. आमची काय तकरार न्हाई." आन् मंग बायकोकडं बगून, हळूच, "रोज आसं चडतीस तू?"

धोंडाबाईनं तोंड फिरवलं. तिला रडू आलं व्हतं. मलाबी आलं. म्या काय दगडाची हाय?

पावसाळ्याआदी सुरुंग लागले. पान्याचा पैला झरा फुटला तवा अल्याडची-पल्याडची पोरं एकाच खड्ड्यात नाचत व्हती. ठकू सुकरूप बाळंत झाली. पोरगी झाली, गोरीपान, आज्यासारक्या रुंद कपाळाची.

म्होरल्या वैशाकात पार परत उगडा पडला. गूळ-पान्याचं पानी नव्या इहिरीचं व्हतं, आन् हंडा चिमाजी-सोनबांनी धोंड्यापासनं पाळीपाळीनं आनल्याला. दोगांची तोंडं आता एकीकडं व्हती. रावसाहेब एकेका घराचं नाव घ्याया लागले. "गेनबांच्या घरचं कोण?"

म्या काटी टेकून उटाया लागले, तर सोनबानं हात आडवा केला. म्या मनात म्हनलं, झालं, आला ह्यो परत रितीवर! तर त्यानं ठकूच्या मांडीवरनं पोर उचलली, आपलं घोंगडं गेनबाच्या जागंवर पसरलं, आन् तिला त्याच्यावर निजवली.

"पोरगी हाय ती," मागनं कुनीतरी म्हनलं.

"मंग?" चिमाजी फिस्कारला. "इहीर कुनामुळं झाली, तुज्यामुळं?"

पोरीला ऊन लागलं आसंल, का चिमाजीच्या मिशीला भ्याली, तिनं जे भोकाड पसरलं ते साऱ्या खोऱ्यात घुमलं. म्या पदर डोळ्याला लावला. म्हाताऱ्याच्या जागंवरनं घरचा आवाज आला व्हता, आन् ह्या बारीला कुनी उतर म्हनलं न्हाई.

सोनबानं रावसाहेबांकडं बगितलं आन् म्हनला, "घ्या, सबा सुरू झाली. पैली तकरार आयका."