चंदेरी छपराचा मनोरा

“वहिनी, बाबांना कसल्या नादाला लावू नकोस गं, ते वाहवत जातात,” आत्याने फोनवर बजावलं होतं. भिंगरीच्या आईने ते हसण्यावारी नेलं. आजोबा दिवसभर खुर्चीत बसून कंटाळत होते. नातीबरोबर कातरकाम केलं तर बिघडतंय काय?

त्या कातरकामातून माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना मनोरा आहे. चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याची हुबेहूब प्रतिकृती. निदान आजोबा तरी तसं सांगतात. माझं अंग बुटांच्या खोक्यांचं. तबकडी म्हणजे जॅमच्या बाटलीचं झाकण. काटे आईच्या केसांच्या पिनांचे. त्या पिना ती अजून शोधते आहे.

खऱ्या मनोऱ्याचं छप्पर मात्र चंदेरी आहे, खवल्याखवल्यांचं. ते कशाचं करायचं? आजोबांनी आपल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट उजेडात धरलं आणि म्हणाले, “हे घे तुझं छप्पर.” भिंगरी नावाला जागून गरगर फिरली.

रिकामी पाकिटं हळूहळू जमतात. माझं छप्पर मात्र भराभर वाढू लागलं. मला काय, मी खूश होतो. रोज नवे खवले, रोज कौतुक.

भिंगरीची आई म्हणजे दूध दोनदा हुंगणारी, गॅस बंद केला का ते पाहायला जिन्यातून परत येणारी. सगळे तिला हसतात. एका सकाळी आजोबा खुर्चीतून उठले आणि भिंतीला धरून थांबले. “झोप झाली नाही नीट,” म्हणाले. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. महिन्याची औषधं तर नुकतीच आणली होती. त्यांची पाकिटं छपरावर कशी?

“बाबा, गोळ्या कुठायत?”

“आहेत की, डबीत. एकही वाया घालवलेली नाही. पोरगी किती दिवस वाट पाहणार?”

डबीत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या एकत्र होत्या. दोन्ही पांढऱ्या.

“यातली कुठली कसली, ओळखता कशी?”

“त्यात काय, साखरेची जरा जाड असते.” त्यांनी चिमटीत एक धरली, दुसरी धरली, पुन्हा पहिली धरली. मग दोन्ही डबीत टाकून डबी आईपुढे सरकवली.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं. एक गोळी दोनदा पोटात जात होती, दुसरी राहून जात होती. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं, तर आजोबा भिंतीला धरून थांबले नसते, कोसळले असते. “मनोरा खुशाल बांधा,” बाई म्हणाल्या, “पण गोळ्या पाकिटातच राहू द्यात.”

घरी आल्यावर आजोबा माझ्याकडे पाहीनात. मला वाटलं, आपलं आता काही खरं नाही. पण आईने चहाच्या रिकाम्या पुड्या धुऊन, उलट्या करून त्यांच्यापुढे ठेवल्या. आतून त्या चंदेरी असतात. “घ्या बाबा, होऊन जाऊ दे.”

म्हणून माझं छप्पर अर्धं खवल्यांचं, अर्धं गुळगुळीत. शाळेच्या प्रदर्शनात लोक विचारायचे, हा एका बाजूने टकला का? आजोबा ऐटीत सांगायचे, “सूनबाईंचा हुकूम.”

आता मी कपाटावर असतो. माझा एक काटा गळून पडला आहे. येता-जाता आजोबा माझ्यावर फुंकर मारतात, धूळ उडते आणि शिंका त्यांनाच येतात.

मित्रांनो, माझ्यासाठी फडकं शोधू नका. त्यापेक्षा तुमच्या आजी-आजोबांच्या खोलीत जा. “गोळ्या घेता ना?” असं विचाराल, तर “हो हो” म्हणतील. तेवढ्यावर परत फिरू नका. जवळ बसा आणि “दाखवा बरं” म्हणा.