न पुसली गेलेली चाल

मी एक जुना फळा आहे. शाळेच्या भिंतीवर दिमाखात टांगलेला फळा नव्हे, तेवढं माझं नशीब कुठलं. मी हातात मावणारा, पांढऱ्या प्लॅस्टिकचा. पुढच्या बाजूला बास्केटबॉलचं मैदान छापलेलं आणि मागे खरबरीत पत्रा, ज्यावर कुठलीच शाई धरत नाही. माझा उजवा कोपरा तुटलाय. खाली हळदीचा एक पिवळा डाग आहे. आणि मधोमध काळ्या शाईचे पाच गोल आणि तीन बाण आहेत, ते आता कोणी पुसणार नाही. त्यांचीच हकिगत सांगायला बसलोय. सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या, मित्रांनो. बावीस वर्षं लोक माझ्यावर लिहितायत, आणि त्या बावीस वर्षांत मला नीट वाचणाऱ्या मुली दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबरच्या काही भावांवर फुटबॉलचं मैदान छापलं गेलं, काहींवर आइस हॉकीचं. मी मिडवेस्टमधल्या, म्हणजे देशाच्या मधल्या पट्ट्यातल्या, एका लहानशा कॉलेजात आलो, मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक हॉल्वर्सनबाईंकडे. बाई उंच, करारी आणि भारी तापट. खेळ थांबवून तीस सेकंदांची उसंत घेतात त्याला टाइमआउट म्हणतात. त्या तीस सेकंदांत बाई माझ्यावर चाल काढायच्या, म्हणजे कोणी कुठून कुठे पळायचं ते गोल आणि बाण काढून दाखवायच्या. मुली गटागटा पाणी प्यायच्या, केस बांधायच्या, प्रेक्षकांत कोण आलंय ते बघायच्या. मग बाई मला खुर्चीवर आपटायच्या. माझा कोपरा असाच एकदा तुटला. चूक कोणाची आणि मार कोणाला.

या न बघणाऱ्यांची राणी होती आश्लेषा. ईडन प्रेरी नावाच्या गावची मुलगी, जन्म इथलाच, आईवडील पुण्याहून आलेले. उंचीने फार नव्हती, पण चेंडू तिच्या हातात आला की मैदान तिला वरून दिसत असावं असं वाटायचं. फक्त माझ्याकडे ती कधी बघायची नाही. टाइमआउटमध्ये नजर छताकडे, नाहीतर समोरच्या संघाकडे. मला तिचा संताप यायचा. मी एवढा बाणांनी भरलेला समोर उभा आणि हिला छतावरचे दिवे मोजायचेत.

तिच्या शेवटच्या वर्षीची गोष्ट. दर मार्चमध्ये आमच्या गटातल्या आठ कॉलेजांची स्पर्धा असते, तिला सगळे कॉन्फरन्स टूर्नामेंट म्हणतात. वर्षभर कितीही जिंका, या तीन दिवसांत हरलात की सामान बांधायचं. त्या वर्षी आम्ही सेमीफायनलला होतो. शेवटच्या टाइमआउटमध्ये आश्लेषा म्हणाली, कोपऱ्यातली आपली मुलगी मोकळी राहतेय, तिला चेंडू देते. हॉल्वर्सनबाईंनी माझ्यावर बोट आपटलं आणि म्हणाल्या, इथे बघ. तिने बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला नीट वाचलं, आणि बाणांनी सांगितलं तस्संच केलं. चेंडू अडवला गेला, आम्ही हरलो. तिने डोक्यावर टॉवेल घेतला आणि बस सुटेपर्यंत तो काढला नाही. मी नुसता फळा, माझ्यावर जे काढलं ते मी दाखवलं. तरी त्या दिवसापासून मला तिच्यासमोर अपराधी वाटत आलंय.

पुढे आश्लेषा शिकली, दोन वर्षं दुसरीकडे नोकरी केली आणि परत आमच्याकडेच हॉल्वर्सनबाईंची मदतनीस म्हणून आली. मला सांभाळणं, घरी नेणं-आणणं तेव्हापासून तिच्याकडे. गेल्या डिसेंबरात बाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी निवृत्ती घेतली. जाताना मला आश्लेषाच्या हातात देत म्हणाल्या, "घे. मला आता पुसायचा कंटाळा आला."

आश्लेषा हंगामी प्रशिक्षक झाली. हंगामी म्हणजे काय, तर क्रीडा विभागाच्या संचालकांनी सरळ सांगितलं होतं की संघ फायनलला पोचला तर नोकरी कायम, नाहीतर स्पर्धा संपल्यावर सोमवारी देशभरात जाहिरात. मार्चचे तीन दिवस, त्यावर तिची दहा वर्षांची मेहनत टांगलेली.

आणि मित्रांनो, जी मुलगी माझ्याकडे ढुंकून बघत नव्हती, तिने मला किती वापरावं? जेवताना माझ्यावर चाली. बसमध्ये चाली. सिग्नलला गाडी थांबली की चाली. पुसायची मात्र शर्टाच्या बाहीने, आणि मार्करला टोपण लावायचं तर नावच नको. तीन महिन्यांत अकरा मार्कर तिने वाळवून मारले. शिवाय सरावाला मुलींवर डाफरायची, "फळ्याकडे बघा, मी इथे काय काढलंय?" चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात ते हेच. सासू झाल्यावर सुनेचे दिवस लक्षात राहत नाहीत.

आता या संघात एक नवी आश्लेषा होती, मॅकेना नावाची. पहिल्याच वर्षाची, शेतावरून आलेली, अबोल मुलगी. टाइमआउटमध्ये ती माझ्याकडे पाठच फिरवून बसायची म्हणा ना. समोरच्या संघाच्या बाकाकडे एकटक बघत राहायची. आश्लेषा तिला दोनदा सगळ्यांसमोर बोलली. मॅकेना "यस, कोच" म्हणायची आणि पुढच्या खेपेला परत तिकडेच. मलाही वैताग आला होता. एका जन्मात अशा दोघी म्हणजे अतीच झालं.

आश्लेषाची आई, नीलांबरीकाकू, या गोष्टीत महत्त्वाच्या आहेत. मराठी मी त्यांच्याकडूनच शिकलो, त्या लेकीशी फोनवर बोलायच्या तेव्हा मी शेजारीच पडलेला असायचो. दर दसऱ्याला त्या लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्यांबरोबर मलाही हळदकुंकू वाहतात, लेकीचं हत्यार म्हणून. अख्ख्या आयुष्यात माझी कोणी पूजा केली असेल तर त्यांनीच, आणि तो पिवळा डाग मी अभिमानाने मिरवतो. पण काकूंची एक सवय होती. त्यांच्या फ्रीझरमधल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर काळ्या मार्करने नाव आणि तारीख. आमटी, पुरण, वाटण, सगळ्यांना पत्ता. तो मार्कर त्यांच्या पर्समध्ये कायम असायचा. पाण्याने, वाफेने, बर्फाने न जाणारा.

स्पर्धेसाठी काकू आणि काका बर्फातून आठ तास गाडी चालवत आले. सेमीफायनलच्या सकाळी काकू थालीपिठांचा डबा घेऊन लेकीच्या हॉटेलच्या खोलीत आल्या. लेक अंघोळीला गेली होती. टेबलावर मी होतो आणि माझ्याजवळ टोपण नसलेला निळा मार्कर. काकूंनी तो डब्याच्या झाकणावर ओढून पाहिला. फिकट रेघ उमटली. मग त्यांनी पर्समधला आपला काळा मार्कर काढला आणि लेकीच्या कोटाच्या खिशात घातला. मायेने केलं त्यांनी. लिहायचं ते लिहायचं, त्यात जात कुठली असते, असं त्यांना वाटलं असणार. मी ओरडून सांगितलं असतं, पण फळ्याला तोंड कुठलं.

सामना बरोबरीने चालला. निळा मार्कर कसाबसा शेवटच्या मिनिटापर्यंत टिकला. एकोणीस सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. आश्लेषाने टाइमआउट घेतला, निळा मार्कर ओढला, तो कोरडा. तिने खिशात हात घातला आणि काळा मार्कर लागला. तो तिने निरखून पाहिलाही नाही. पाच गोल काढले, तीन ठसठशीत बाण काढले. फार सुंदर चाल होती, मी खोटं बोलणार नाही. मुली मैदानात गेल्या आणि ठरल्या जागी उभ्या राहिल्या.

समोरच्या संघाचे प्रशिक्षक जुने, मुरलेले गृहस्थ. आमच्या मुली कशा उभ्या आहेत हे बघताच त्यांनी चाल ओळखली आणि खेळ सुरू व्हायच्या आत स्वतःचा टाइमआउट घेतला. चाल खेळण्याआधीच उघडी पडली. आता दुसरी काढणं भाग होतं, आणि हातात तीस सेकंद.

आश्लेषाने अंगठ्याने पुसलं. काही गेलं नाही. बाहीने घासलं. थुंकी लावून घासलं. बाण जागच्या जागी. तिने मार्कर डोळ्यांसमोर धरला आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचलं. 'पर्मनंट', म्हणजे कायमचा. सहाव्या रांगेत काकूंनी कपाळाला हात लावला आणि हाताने बाटली दाबल्यासारखं करत मोठ्याने म्हणाल्या, "सॅनिटायझर, सॅनिटायझर लाव." त्या गोंगाटात ते मला ऐकू आलं, तिला नाही. पंधरा सेकंद संपले. आश्लेषा घासतच होती. तिची सगळी नोकरी त्या घासण्यावर येऊन ठेपली होती.

मग तिने मला उलटा करून गुडघ्यावर ठेवला. मला आता फक्त तिची पँट दिसत होती.  बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, मी आपल्या भाषेत सांगतो.

"मॅकेना," ती म्हणाली, "तू सारखी तिकडे बघत असतेस. काय दिसतं तुला?"

 बहुतेक मॅकेनाला वाटलं की हा पण ओरडाच आहे.

"त्यांची तेवीस नंबर," ती म्हणाली. "दर टाइमआउटला तिच्या डाव्या घोट्याला बर्फ लावतायत. ती त्या पायावर जोर देत नाहीये. मी त्या बाजूने गेले तर तिला मला अडवता येणार नाही."

"नक्की?"

"चार टाइमआउट मी तेच बघतेय, कोच."

 माझ्या पाठीवर आश्लेषाची बोटं घट्ट झाली, तुटक्या कोपऱ्यावरून फिरली. त्या कोपऱ्यातल्या मोकळ्या मुलीची आठवण तिला झाली असेल का? मला तरी झाली. मला वाटलं, आता हिने मला सुलटा करू नये. मित्रांनो, एका फळ्याने असं मागणं मागावं याहून मोठी नामुष्की नाही, पण मी मागितलं.

"जा," ती म्हणाली. "बाकीच्यांनी तिला वाट मोकळी करून द्या."

मॅकेना गेली. मी काहीच पाहिलं नाही, कारण मी अजून पालथाच होतो. आधी बुटांचा आवाज आला, मग काही नाही, मग आमच्या बाकावरच्या सगळ्या मुली एकदम उठल्या आणि मी खाली पडलो. माझ्यावरून तीन जणी तुडवत गेल्या. आम्ही एका गुणाने जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी फायनल आम्ही सपशेल हरलो, अकरा गुणांनी. ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगायला हवं. संचालकांनी शब्द पाळला आणि सोमवारी आश्लेषाला कायम केल्याचं पत्र मिळालं.

त्या सेमीफायनलच्या संध्याकाळी काकू हॉटेलच्या खोलीत कापूस आणि सॅनिटायझरची बाटली घेऊन आल्या. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाल्या, "आशू, माझंच चुकलं गं. दे इकडे, दोन मिनिटांत निघेल." आश्लेषाने मला त्यांच्या हातून काढून घेतलं.

"नको आई," ती म्हणाली. "राहू दे ते तसंच."

"अगं, पण मग त्याच्यावर लिहिणार कशी?"

"दुसरा घेईन ना. हा मला पालथा लागतो."

तेव्हापासून मी असा आहे. नवा फळा आलाय, गुळगुळीत आणि गर्विष्ठ. चाली त्याच्यावर काढतात. पण टाइमआउट झाला की आश्लेषा आधी मला गुडघ्यावर पालथा ठेवते, मुलींकडे बघते आणि विचारते, कोणाला काय दिसलं? मग त्या बोलतात. कधी कधी मूर्खासारखं बोलतात, तेही ती ऐकून घेते. नव्या फळ्याचा नंबर त्यानंतर लागतो. बावीस वर्षं उताणा पडून जे जमलं नाही ते मी पालथा पडून करतोय. याला बढती म्हणायचं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा सरावाला मॅकेनाने मला उचललं आणि उलटवलं. बराच वेळ माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच. "ही चांगली चाल आहे," ती म्हणाली. "ही आपण कधी खेळलोच नाही ना?" आश्लेषा म्हणाली, नाही. मग रिकाम्या मैदानात पाच जणी माझ्या पाच गोलांप्रमाणे उभ्या राहिल्या आणि माझ्या तीन बाणांप्रमाणे पळाल्या. इतक्या महिन्यांनी माझं म्हणणं कोणीतरी शब्दशः ऐकलं. मॅकेनाने चेंडू टाकला. तो जाळीच्या कड्याला लागला, एकदा वर उडाला आणि बाहेर पडला. आश्लेषा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. आणि यासाठी मी जन्मभराचा डाग अंगावर घेतला.

तर मित्रांनो, तुमच्याकडे एखादा फळा असेल तर त्याला आपटू नका, बाहीने पुसू नका. लिहिण्याआधी मार्कर कुठला आहे ते बघा, आणि लिहून झालं की टोपण लावा, एवढं तरी कराच. आणि तुम्ही बोलत असताना एखादी मुलगी भलतीकडेच बघत बसली, तर ओरडण्याआधी तिला एकदा विचारा, तिकडे काय आहे. दहा वर्षांपूर्वी एका मुलीला हे कोणी विचारून ऐकून घेतलं असतं, तर तो टॉवेल तिच्या डोक्यावर आला नसता.