शेताची लाइन

माणसाच्या आयुष्यात मोहाची घडी येते तेव्हा त्याच्यासमोर दोन वाटा फुटतात, असं पास्टर साहेब फार गंभीरपणे सांगत. शांतवन तायडेसमोर त्या दुपारी एकच वाट होती, संत्र्याच्या दोन ओळींमधली, चिखलाची. आणि तिच्यावर भगवंतराव चपला हातात घेऊन उभे होते.

“झालं का रे मेकॅनिक?”

“होऊन राहिलं, भाऊ.”

शांतवनने पंपाच्या स्टार्टरच्या पेटीला पुन्हा टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा पुन्हा लागला. लागायला नको होता. आतली एक वायर उंदरांनी कुरतडली होती आणि तिचं उघडं तांबं पत्र्याला टेकलं होतं. अख्ख्या पेटीत करंट उतरला होता. खाली ओल आणि मालक अनवाणी. पेटीला हात लागायचाच अवकाश.

तेवढ्यात लाइन गेली.

“लाइन येईन थोड्या येळानं,” भगवंतराव म्हणाले. “येत्या रविवारी प्रभुभोजन हाये. तू मांगच्याच बाकावर बसशीन ना? नाई, सांगून ठेवलेलं बरं.”

भगवंतराव चर्चच्या मंडळीचे पंच. नवरात्रात शांतवनने वरुडच्या एका मंडपाची लाइटिंग केली होती आणि काम संपल्यावर हातावर आलेला प्रसादाचा पेढा खाल्ला होता. मूर्तिपूजेचं पाप म्हणून भगवंतरावांनी तो पेढा पंचांपुढे मांडला आणि शांतवनवर बंदी आली. तेव्हापासून प्रभुभोजनाची भाकर मागच्या बाकापर्यंत येई आणि शांतवनला ओलांडून पुढे जाई. जानेवारीत त्याची आई गेली. तिने शेवटचं प्रभुभोजन घेतलं तेव्हा लेक शेजारी रिकाम्या हातांनी बसला होता. वरुडच्या त्या मंडपात भगवंतराव काय करत होते, हे मात्र मंडळीत कुणी विचारलं नव्हतं.

पाप म्हटलं की काहीतरी करावं लागतं, अशी शांतवनची समजूत होती. इथे तर काहीच करायचं नव्हतं. पक्कड पिशवीत टाकून निघायचं होतं. त्याने पेटीचं झाकण हलकेच लावलं.

मोटार दुरुस्त झाली की बटणावर बोट ठेवण्याआधी तो प्रभूची प्रार्थना म्हणत असे. शेंदूरजनाघाटातल्या हिंदू-मुसलमान गिऱ्हाइकांनाही ती दुरुस्तीचाच भाग वाटे. एकदोघे तर मजुरी देण्याआधी विचारून घेत, म्हटली का म्हणून.

“आज प्रार्थना नाई?”

“तुमी तं पंच, तुमीच म्हना. लाइन आली का बटन दाबा.”

रस्त्यावर नईमच्या टपरीत त्याने चहा सांगितला. सवयीने ओठ हलले, पण प्रार्थना ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांस क्षमा केली आहे’ या ओळीशी आली आणि तिथेच थांबली. डोक्यावरचा पंखा गरगरू लागला.

“आली बा लाइन,” नईम म्हणाला. “अबे, चाय तं पिऊन जाय!”

शांतवनची मोटारसायकल तोवर वळली होती.

भगवंतराव पेटीला टेकून बसले होते. मान छातीवर पडलेली, हात पत्र्यावर. शांतवनने बांधावरची वाळकी काठी उचलली आणि त्या हातावर जीव खाऊन हाणली.

“काहून मारतं बे!” भगवंतराव किंचाळत उठले. “जरा डोळा लागला तं!”

“लाइन... लाइन आली ना.”

“ते गावाची. शेताची कुठं आली अजून? तू मेकॅनिक हायेस का कोन?”

खरंच होतं. गावाची लाइन वेगळी, शेताची वेगळी. या भागात शाळकरी पोरांनाही हे ठाऊक असतं. शांतवन विसरला होता.

“काई राहलं का तुहं इथं?” हात चोळत भगवंतरावांनी विचारलं.

टेस्टर राहिला, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता.

“पेटीत करंट होता, भाऊ. मले दिसला होता. मी बोललो नाई.”

“विसरला?”

“नाई.”

बगीच्यात कुठेतरी एक संत्रं गळून पडलं. तो आवाज दोघांनीही ऐकला. भगवंतराव पेटीपासून सरकले आणि त्यांनी चपला पायात घातल्या.

“तुह्या मायसाठी?”

शांतवनने होकाराची मान हलवली.

“तो पेढा मीबी खाल्ला होता,” भगवंतराव जमिनीकडे पाहत म्हणाले. “रांगेत तुह्या मांगंच होतो. म्हनून तं तू दिसला. माफ कर बाप्पा.”

“पयले तुमी मले करा.”

“केलं.”

शांतवनने पिशवीतून पक्कड काढली. त्याने कुरतडलेली वायर कापून नवी घातली, पेटीला अर्थिंग जोडलं, सगळे स्क्रू आवळले. भगवंतराव तेवढा वेळ उभेच होते.

“केलं,” शेवटी तो म्हणाला.

रविवारी उपासनेआधी भगवंतरावांनी पंचांपुढे दोन्ही पेढ्यांची कबुली दिली. पेटीबद्दल दोघांपैकी कुणीच बोललं नाही. शांतवनवरची बंदी उठली. इस्त्रीचा शर्ट घालून तो पहिल्या बाकावर, भगवंतरावांच्या शेजारी बसला.

पास्टर साहेब अकोल्याला एका लग्नात अडकले होते. प्रभुभोजन पुढच्या महिन्यावर गेलं.