चार नंबरची बोट आणि देवघरातला गोळा

मी एक जुनी स्पीडबोट होते, मित्रांनो. आता मी मासेमारीची नाव आहे. मधली अकरा वर्षं मी नेमकी काय होते, ते मला अजून नीट सांगता येत नाही. ग्वाल्हेरच्या दाना ओली नावाच्या गल्लीत, तलावापासून पंचवीस किलोमीटर दूर, मी एका अंगणात उभी होते आणि शेजारच्या विजयाबाई माझ्या नाकावर पापड वाळत घालायच्या.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. काचेच्या धाग्यांचं कापड आणि राळ यांचे थर एकावर एक थापून मला साच्यातून काढलं. पहिल्या दिवशी मला लाटांचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी मला ट्रकवर चढवलं आणि ट्रक नेमका उलट दिशेला निघाला. तीन दिवस मी मागे बघत होते. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. आवाजावरून तो बराच मोठा असावा.

मला ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्याच्या तलावात उतरवलं. तिथल्या बाकीच्या बोटींना छान नावं होती. माझी पाळी येईपर्यंत रंगाऱ्याचा डबा संपत आला, म्हणून माझ्या अंगावर त्याने फक्त ४ लिहिलं. मी चार नंबर झाले.

माझा चालक कान्होजी जगदाळे. त्याचे पूर्वज दख्खनमधून फौजेबरोबर इकडे आले आणि तोफखान्यात होते. नाव कान्होजी, पण समुद्र त्यानेही पाहिला नव्हता. या एका गोष्टीवर आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

ते दिवस गर्दीचे होते. पुढे कान्होजी चाकावर, मागे लाल रेक्झिनच्या सीटवर सात माणसं. माझ्या नाकात एक गोल भोक होतं, त्यात लाउडस्पीकर बसवलेला होता आणि तो दिवसभर गात असे. माणसं म्हणत, “और तेज, भैया.” वेग वाढवला की तीच माणसं म्हणत, “धीरे, भैया.” एकदा एक नवरदेव मुंडावळ्यांसकट माझ्यात बसला आणि सबंध फेरीभर आपल्या घोड्याची चौकशी करत राहिला. लोक माझं कौतुक करत, माझ्याबरोबर फोटो काढत. मला वाटायचं, हे असंच चालणार. इंजिनालाही तसंच वाटत असावं, कारण ते एका दुपारी कुणाला न सांगता बंद पडलं आणि जाम झालं.

त्याच महिन्यात कान्होजी निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभात त्याला शाल, श्रीफळ आणि मी, अशा तीन गोष्टी मिळाल्या. श्रीफळ फोडून झालं. शाल त्याने थोरल्या बहिणीला, शालिनीताईंना दिली. माझं काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून मी अंगणात राहिले. माझं नाक फाटकातून हातभर गल्लीत आलेलं होतं. कुरियरवाले पत्ता विचारत, “नाववाले अंकल कहाँ रहते हैं?”

कान्होजीची बायको विमल वर्षभरापूर्वी वारली होती. तो फारसा कुणाशी बोलत नसे. सकाळी चहाचा पेला घेऊन माझ्यात चढायचा, चाकावर एक हात ठेवायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा. कधीकधी भिंत जवळ आल्यासारखं वाटलं की चाक थोडं वळवायचा. दिवसभरात आमची दोघांची एवढीच फेरी. पावसाळ्यात माझ्या आत पाणी साठे. बोटीखाली पाणी असण्याऐवजी बोटीत पाणी असणं ही फार लाजिरवाणी गोष्ट आहे, मित्रांनो. मग नगर निगमचा एक माणूस येऊन माझ्यात डासांचं औषध टाकून जाई. मला आवर्जून भेटायला येणारा तो एकच.

नाही म्हणायला वर्षातला एक दिवस माझा असे. खंडेनवमीला जगदाळ्यांच्या घरी शस्त्रांची पूजा होते. तलवार, स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर आणि मी, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. सगळ्यात पहिला मान मात्र गोळ्याचा. हा तोफेचा लोखंडी गोळा, वजन वीस किलो, देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी बसतो. पूर्वजांनी लढाईतून आणला, असं घरात सांगतात. नीट विचार केला तर तोफेचा गोळा घरी परत आला याचा अर्थ तो कधी उडालाच नाही. पण हे ताईंपुढे बोलायची सोय नाही. आरती चालू असताना उघड्या दारातून मी आणि गोळा एकमेकांकडे बघत असू. त्याच्या मनात काय चाललंय, ते मला कळत असे.

मागच्या आधीच्या वर्षी उन्हाळ्यात दिग्विजयसिंह आले. झाशी रस्त्यावर त्यांचा मोठा ढाबा आहे. त्यांनी माझ्याभोवती दोन चकरा मारल्या, मला ठोकून बघितलं आणि म्हणाले, “काकासाहब, इसमें दो टेबल आराम से लग जाएँगी. बच्चे लोग फोटो खींचेंगे. ऊपर लाइटें लगवा दूँगा.”

कान्होजी माझ्यात चढून चाकापाशी बसला. शालिनीताई बोलल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, बोलायच्या आधी चष्मा काढतात.

“कान्हा, माणूस बोटीत बसून म्हातारा झाला तर माझं काही म्हणणं नाही. पण खाली पाणी तरी हवं. विमल गेल्यापासून तू या डब्यातून बाहेर आला नाहीस.”

“हिला मी पाण्यात घालणार आहे, ताई.”

“अकरा वर्षं ऐकतेय. खंडेनवमीपर्यंत घाल. ही पाण्यात गेली आणि आपल्या पायांनी काठाला परत आली तर तुझी. नाही तर हिच्यावर लोक पनीर खातील.”

बोटीला पाय नसतात, हे सांगायचं धाडस कुणी केलं नाही. दिग्विजयसिंहांनी नवमीची तारीख मोबाइलमध्ये टाकून घेतली.

मित्रांनो, ढाब्यावर मला माणसांची सोबत मिळाली असती, दिवेही मिळाले असते. तरी त्या रात्री मी सारखा एकच विचार करत होते. बोटीत पाणी साठणं सोसता येतं. पण बोटीत रायता सांडणं?

कान्होजीने दुसऱ्याच दिवशी गोविंद गर्देला आणलं. गोविंदचे वडील घरोघर पौरोहित्य करायचे. गोविंद बागांसाठी फायबरचे डायनासोर बनवतो. त्याने माझ्या मागच्या फळीवर टिचकी मारली. आवाज ओल्या खारी बिस्किटासारखा आला.

“काका, ही आतून पूर्ण कुजलेली आहे.”

“म्हणून तर तुला बोलावलं. तुला बोट येते ना?”

“मला डायनासोर येतो.”

“फरक काय?”

गोविंदने विचार केला. “शेपटी आखूड घ्यायची,” तो म्हणाला.

चार महिने काम चाललं. आधी माझं जाम झालेलं इंजिन पोटातून उचलून काढलं आणि जिथून पंख्याचा दांडा खाली जायचा ते भोक बुजवलं. मागची कुजलेली फळी खरवडून काढली आणि तिथे जाड प्लायवुडचे थर चिकटवून वरून फायबर चढवलं. कारण आता मोटर पोटात बसणार नव्हती, पाठीवर बाहेरून टांगायची होती आणि तिचा सगळा भार त्या फळीने पेलायचा होता. लाल सीट निघाल्या. त्या जागी सपाट पाट आला, जाळं ओढायला आणि मासे ठेवायला. पुढचं चाकही निघालं. कान्होजीने ते निघताना पाहिलं नाही. तो चहा आणायला म्हणून गेला आणि तासाभराने चहा न आणताच परत आला. आता त्याने मागे बसून, मोटरचा दांडा हातात धरून मला वळवायचं होतं.

रंग गोविंदकडे उरलेला होता तोच लावला. मी पुढून पांढरी आणि मागून डायनासोरच्या हिरव्या रंगाची आहे. कुणी विचारलं तर मी सांगते की ही फॅशन आहे.

खंडेनवमीला पहाटे टेंपोवर चढून मी तिघऱ्याला निघाले. घरात पूजा करायची तर पूजेतली निम्मी मंडळी तलावावर, म्हणून शालिनीताई तलवार, आरतीचं ताट आणि लाल फडक्यात गुंडाळलेला गोळा घेऊन रिक्षाने मागोमाग आल्या. मिक्सर घरी राहिला. दिग्विजयसिंहही आले, टेबलाचं माप घ्यायला टेप घेऊन.

अकरा वर्षांनी माझ्या पोटाला पाणी लागलं. ते कसं वाटलं हे मी सांगणार नाही. काही गोष्टी खाजगी असतात.

कान्होजी एकटा माझ्या मागच्या टोकाला बसला. दोरी ओढली, मोटर चालू झाली, त्याने वेग दिला आणि माझं नाक वर गेलं. वर म्हणजे आकाशाकडे. मला पुढचं काही दिसेना, कान्होजीला तर माझ्याशिवाय काहीच दिसेना. माझं मागचं टोक पाण्यात रुतलं, मागच्या कडेवरून पाणी आत यायला लागलं. त्याने कसंबसं मला काठाला आणलं.

“काकासाहब,” दिग्विजयसिंह हळूच म्हणाले, “ऐसे में तो थालियाँ फिसल जाएँगी. टेबल के लिए सीधी चाहिए.”

“तीस वर्षं हिला चालवली,” कान्होजी म्हणाला. “असं कधी नाही केलं हिने.”

ती त्याची चूक होती आणि माझीही. इंजिन पोटात होतं, कान्होजी पुढे बसायचा, सात माणसं मध्ये असायची. इतकी वर्षं माझं नाक खाली धरून ठेवत होती ती माणसंच, हे आम्हा दोघांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. माणसं भरलेली असताना ती वजनासाठी आहेत असं कुणाला वाटतं? आता एक म्हातारा मागच्या टोकाला आणि बाकी सगळी मी रिकामी.

पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढे सरकवली. नाक थोडं उतरलं, पुरेसं नाही. गोविंदला पुढे बसवलं. त्याबरोबर मी अगदी सरळ धावले. पण गोविंदने सबंध वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हटली. काठाला उतरून तो म्हणाला, “काका, मी रोज नाही येणार. माझं ब्रॅकिओसॉरसचं काम अर्धं पडलंय.” गोणीत दगड भरून ठेवले, तर वळताना गोणी घरंगळली आणि मी कलंडता कलंडता राहिले. कान्होजीने मोटर बंद केली आणि तसाच बसून राहिला. अंगणात बसायचा, अगदी तसा. दिग्विजयसिंहांनी टेप उघडली.

तेव्हा शालिनीताईंनी चष्मा काढला. पदर खोचला, लाल फडकं उचललं आणि गुडघाभर पाण्यातून माझ्या नाकापाशी आल्या. लाउडस्पीकरचं ते गोल भोक नाकाच्या अगदी टोकाला अजून तसंच होतं. त्यांनी गोळा त्यात ठेवला. तो असा बसला, जणू भोक त्याच्याच मापाने पाडलं होतं.

“ताई, देवघरातला आहे तो,” कान्होजी म्हणाला.

“मला माहीत आहे कुठला आहे. चालव.”

कान्होजीने मला चालवलं. माझं नाक पाण्याला समांतर राहिलं. आम्ही समोरच्या टेकडीखाली जाऊन वळलो आणि आपल्या पायांनी काठाला परत आलो. दोनशे वर्षांत गोळा पहिल्यांदाच कुठेतरी निघाला होता. दिग्विजयसिंहांनी टेप मिटली आणि प्रसाद मागितला. ते भले गृहस्थ आहेत. त्यांना नंतर गोविंदने एक डायनासोर दिला. त्याच्या पोटात एक टेबल बसतं.

आरती झाल्यावर कान्होजी गोळा काढायला लागला. ताईंनी त्याचा हात धरला.

“दर खेपेला वीस किलो उचलणार आहेस? कमरेकडे बघ स्वतःच्या. गोविंद, हा पक्का बसवून टाक.”

“आणि देवघर?” कान्होजीने विचारलं.

“त्याची जागा रिकामी राहील. मी नवमीला येत जाईन इथे.”

तर मित्रांनो, मी जिंकले. पण जिंकल्यावर काय होतं, ते कुणी आधी सांगत नाही. बोट पाण्यात गेली की तिला पाण्यातच राहावं लागतं. आता मी काठावरच्या बाभळीला बांधलेली असते. कान्होजी गुरुवारी आणि रविवारी येतो. आम्ही आत जातो, मोटर बंद करतो आणि सहा-सहा तास गप्प बसतो. एखादा रोहू लागला तर लागतो. बाकीचे पाच दिवस मी आणि बगळे. बगळे एका पायावर उभे राहतात आणि काही बोलत नाहीत. ज्या पाण्यासाठी मी अकरा वर्षं झुरले ते मला मिळालं. फक्त सकाळचा तो चहा गेला.

ऐकते की दाना ओलीतलं अंगण आता मोकळं आहे. विजयाबाईंना पापड घालायला जागा नाही. कान्होजी बाकीचे दिवस घरात ताईंशी भांडतो, म्हणजे बोलायला लागला आहे.

तुमच्याही घरी काही जुनं असेल. वस्तू असेल, कदाचित माणूसही असेल. ते अंगणात नुसतं उभं करून ठेवू नका. त्याला अजून काय जमतं, ते बघा. आणि त्याच्या भल्यासाठी त्याला दूर कुठे ठेवायची वेळ आलीच, तर आपली एखादी जड, लाडकी गोष्ट त्याच्यापाशी ठेवून या. मग परत जावंच लागतं.

गेल्या नवमीला शालिनीताई थर्मास घेऊन आल्या. आरती झाली आणि त्या न विचारता माझ्या पुढच्या भागात चढून बसल्या. गोविंदही डोळे मिटून बसला. कान्होजीने चहा ओतला, तिघं काही वेळ पाण्याकडे बघत राहिली. मोटर चालू झाल्यावर माझं नाक एवढं खाली आलं की पुढून पाणी उडायला लागलं. त्या दिवशी मला गोळ्याची गरज नव्हती.