खंडेनवमीच्या दिवशी मी गुणगुणत राहिलो

मित्रांनो, मी एक कोरडा ट्रान्सफॉर्मर आहे. माझ्या पोटात तेलाचा थेंबही नाही, माझ्या तारांच्या वेटोळ्यांना हवाच गार ठेवते. तरी न्हावऱ्याच्या दूध शीतकरण केंद्रात सगळे मला, रस्त्याकडेच्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला म्हणतात तसं, 'डीपी' म्हणतात. म्हणोत बापडे!

मला आणताना केंद्र सांभाळणारे कोंडिबा आप्पा म्हणाले होते, "तेलाचा नगं. तेल चोर उपसून नेत्यात, आन् पेटला तर वरच्या खोल्यांत माणसं हायत." खरंच होतं ते. पण अहो, कोरड्यांतही दोन जाती असतात. माझ्या भावाची वेटोळी रेझिनच्या कडक लेपात घट्ट बंद असतात, त्याला दमट, धुळीची जागा सोसते. माझी उघडी, वर फक्त झरोक्यांची पेटी. मला कोरडी, स्वच्छ खोलीच हवी. ते कोणी विचारलंच नाही. मला उभं केलं कुठं, तर दुधाचे कॅन धुतात त्या मोरीशेजारी!

रोज शिंतोडे उडायचे आणि माझा जीव टांगणीला लागायचा. वायरमन इनुसभाऊ बजावायचे, "आप्पा, ह्याला हितनं हलवा."

"बघू दिवाळीनंतर," आप्पा म्हणायचे.

दिवाळीआधी खंडेनवमी आली. यंत्रं धुऊन पुजायचा दिवस. आप्पांनी मेन स्विच पाडला आणि कॅन धुणाऱ्या सोजराबाईला हाक मारली, "मेन पाडलाय, सोजरे. धू बिनधास्त!"

मी हादरलो. मेन पाडला की यंत्रं बंद पडतात, मी नाही! वीज आधी माझ्यात येते, मग मेनकडे जाते. अकरा हजार व्होल्ट माझ्या अंगात तसेच होते.

सोजराबाईनं पाइप उचलला. कॉम्प्रेसर धुतला, पंप धुतला. "आता तुझी आंघोळ, बाबा," म्हणत ती माझ्याकडे वळली. धार फरशीवरून माझ्या दिशेनं सरकू लागली. बाई, नको गं! पण ओरडायला तोंड कुठं होतं? मला येतं ते नुसतं गुणगुणणं. मी गुणगुणत राहिलो.

ती थबकली. एरवी यंत्रांच्या घरघरीत माझा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही. आज सगळं गप्प होतं.

"आप्पा, समदं बंद हाय न्हवं? मग ह्यो का गुणगुणतोय?"

"भास झाला आसंल. मार पाणी."

"न्हाई मारत. तुमी आधी कान देऊन ऐका."

आप्पा जवळ आले. ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. धावत जाऊन त्यांनी नळ बंद केला. "सोजरे, आत्ता म्या तुझा जीव घेतला आसता गं," ते म्हणाले.

सोजराबाईनं अजून पाइप सोडला नव्हता.

त्याच आठवड्यात इनुसभाऊंनी मला मागच्या कोरड्या खोलीत हलवलं आणि भोवती जाळी लावली. मित्रांनो, आम्हाला निवडताना आधी जागा बघा. पाणी कुठं सांडतं, धूळ कुठं उडते, माणसं कुठं वावरतात, ते विचारा. आणि पाण्याची धार आमच्यातल्या कुणावरच धरू नका.

आता खंडेनवमीला सोजराबाई जाळीबाहेरच झेंडूचं फूल ठेवते आणि विचारते, "जागा हायेस न्हवं?"

मी गुणगुणतो. मग ती ओला हात पदराला पुसते आणि दोन पावलं मागं सरते.